मदत हवी आहे: मोटरहोमच्या टॉयलेटमागे पाणी साचतंय, खालचं सील गेलंय का?

मंडळी नमस्कार. आमची मोटरहोम जुनी घेतलेली आहे, टॉयलेट नेहमीचंच, पायाने पेडल दाबून फ्लश करायचं आणि बरोबर खाली ब्लॅक टँक, म्हणजे मैल्याची टाकी. मागच्या दोन ट्रिपपासून टॉयलेटच्या मागे फ्लोअरवर पाणी दिसतंय. आधी वाटलं अंघोळीचं पाणी उडालं असेल, पुसून टाकलं, पण सकाळी उठून बघावं तर परत तळहाताएवढं पाणी तिथेच. काल मागच्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबून पाहिलं तर प्लायवूड चक्क आत गेलं, पोटात गोळाच आला.

भांड्यातलं पाणी रात्रभर तसंच राहतं, म्हणजे भांड्याचा तळ बंद करणाऱ्या मधल्या बॉलचं सील बरं असावं. पाणी येणाऱ्या पाइपचा नट हाताने आवळून झाला, फरक शून्य. आता माझा संशय टॉयलेट आणि फ्लोअरच्या मधल्या रबर सीलवर आहे. एकाने सांगितलं की उचलत बसू नकोस, बुडाभोवती सगळीकडून सिलिकॉन भर, मोकळा होशील. भरू का? आई सोबत असते, गुडघ्यांमुळे तिला रात्री गाडीतून उतरून बाहेर जाणं जमत नाही, त्यामुळे टॉयलेट बंद ठेवून चालणारच नाही. पुढच्या आठवड्यात परत निघायचंय, कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद
दादा सिलिकॉन अजिबात भरू नका. गळती थांबणार नाही, फक्त दिसायची बंद होईल आणि पाणी बाहेर यायच्या ऐवजी प्लायवूडमध्ये मुरेल. आधी सांगा पाणी स्वच्छ आहे की घाण? वास येतो का? आणि थेंब कायम पडतो की फ्लश केल्यावरच?

धागाकर्ता
एकदम स्वच्छ, वास नाही. कधी पडतो ते नीट बघितलेलं नाही, रात्री दोन-तीनदा फ्लश होतो आणि पाणी सकाळी दिसतं.

प्रतिसाद
मग खालचं सील नसावं, ते गेलं की टँकचा वास येतो आणि गळणारं पाणीही स्वच्छ नसतं. असं करा, मागची सगळी बाजू कोरडी पुसून टिश्यू पेपर तीन ठिकाणी लावा, पाइपच्या नटाखाली, वॉटर वॉल्व्हखाली (पेडल दाबल्यावर पाणी सोडतो तो) आणि वर भांड्याच्या मागे जो प्लास्टिकचा डबीसारखा भाग असतो त्याच्याखाली. त्याला व्हॅक्यूम ब्रेकर म्हणतात. पंप चालू करून अर्धा तास फ्लश न करता थांबा. नट किंवा वॉल्व्हचा टिश्यू भिजला तर गळती प्रेशरच्या बाजूला, जिथे पाणी कायम दाबाखाली असतं, म्हणजे वायसर खराब नाहीतर वॉल्व्हला चीर, थंडीत पाणी आत राहून गोठलं की हे प्लास्टिकचे वॉल्व्ह हमखास चिरतात. सगळं कोरडं राहिलं तर पेडल दाबून धरा आणि टॉर्च मारून ब्रेकरकडे बघा, तिथे पाणी फक्त फ्लश चालू असतानाच पोचतं.

दुसरा प्रतिसाद
सहमत. आणि ब्रेकरच खराब निघाला तर त्याला गोंद लावून बुजवू नका हो, पाणी थांबलं की तो हवा आत घेतो म्हणून भांड्यातलं पाणी उलटं पिण्याच्या पाइपात ओढलं जात नाही. बाहेरच्या नळाला गाडी जोडत असाल तर प्रेशर रेग्युलेटर लावता ना? पाण्याचा दाब ४०-५० पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास ठेवा.

धागाकर्ता (अपडेट)
सापडलं!! पंप चालू ठेवून अर्धा तास काही नाही, तिन्ही टिश्यू कोरडे. मग बायकोने पेडल दाबलं, मी आडवा पडून टॉर्च धरला, तर ब्रेकरच्या टोपणाखालून एक थेंब फुगला, पाइपवरून हळूहळू खाली ओघळला आणि बरोबर त्या कोपऱ्यात टपकला. एका फ्लशला सहा-सात थेंब, रात्रभरात तेवढंच डबकं होणार. ब्रेकर काढला तर आतली चकती वाकडी झालेली आणि त्यावर पांढरा क्षार. नवीन बसवला, नट हातानेच आवळला, पान्याने जोर दिला नाही. काल दिवसभर कोरडं. टॉयलेट उचलायची वेळच आली नाही, तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

आता फक्त तो मऊ कोपरा राहिला, पंखा लावून ठेवलाय. त्याला काय करू?

प्रतिसाद
पूर्ण सुकू द्या, मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. टोक वर वरच अडलं तर ठीक, सहज आत रुतलं तर तेवढा तुकडा कापून बदला. आणि तो भाग टॉयलेटच्या बोल्टपर्यंत गेलाय का ते आधी बघा, बोल्टखालचं लाकूड मऊ असेल तर टॉयलेट हलायला लागतं आणि मग खालचं सील खरंच जातं.

धागाकर्ता
बोल्टजवळ टणक आहे, आत्ताच टोचून आलो. कोपऱ्यातला तुकडा मात्र कापावा लागणार, रविवारी करतो आणि इथे फोटो टाकतो.