मदत हवी आहे: विचाराची सुरुवात कुठून करायची?

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं 'मेडिटेशन्स' (१६४१) वाचतोय आणि सुरुवातीलाच अडकलोय. ज्यावर शंका घेता येते ते सगळं तो बाजूला ठेवतो. उरतो तो शंका घेणारा 'मी'. पण शंका घ्यायलाही भाषा लागते, आणि ती तर मला आईकडून मिळाली. ती भाषा त्याने कुठे बाजूला ठेवली? जर्मन तत्त्वज्ञ हेगेल १८१२ च्या 'सायन्स ऑफ लॉजिक' या ग्रंथात निव्वळ 'असण्या'पासून सुरुवात करतो, तेही मला अजून झेपलेलं नाही. सांख्यकारिका हा सांख्य दर्शनाचा जुना संस्कृत ग्रंथ मात्र पहिल्याच कारिकेत (श्लोकात) दुःखापासून निघतो. हे मला जास्त खरं वाटतं. काहीतरी सलतं म्हणूनच माणूस विचाराला लागतो ना? पण मग सुटका शोधत निघालेला विचार सत्याशी प्रामाणिक राहील का? जाणकारांनी कृपया समजावून सांगा. मराठीत यावर काय वाचावं तेही सुचवा.