मदत हवी: शाळेच्या स्लॅबमध्ये राख मिसळली आहे, सेंट्रिंग खोलू द्यावं का?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. विदर्भातलं गाव, औष्णिक केंद्राच्या पट्ट्यात. जिल्हा परिषद शाळेच्या नवीन खोल्यांचं काम सुरू आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. शेती करतो, बांधकामातलं शिक्षण नाही.

स्लॅब टाकला त्या दिवशी ठेकेदाराची माणसं सिमेंटच्या जोडीला करड्या भुकटीच्या गोण्या मिक्सरमध्ये रिकाम्या करत होती. विचारलं तर उत्तर आलं, "फ्लाय अॅश आहे भाऊ, सरकारी कामात सक्तीचीच आहे." झालं, गावात बोंब, की शाळा राखेची बांधली. काही पालक म्हणतात, आमचे पोट्टे तिथं बसवणार नाही. त्यांना हसण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या की संध्याकाळी त्या झटकून घ्याव्या लागतात, राखेशी आमचा संबंध असा आहे.

काँक्रीट एम-२५ चं, म्हणजे २८ दिवसांनी त्याच्या ठोकळ्याची ताकद २५ (न्यूटन प्रति चौरस मिमी) हवी. चाचणीचे ठोकळे सातव्या दिवशी फोडले, ते १४ च्या आसपास आले. जेई (कनिष्ठ अभियंता) साहेब म्हणतात २८ दिवसांचे येऊ द्या. ठेकेदाराला मात्र चौदाव्या दिवशी सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकू, खोलायचं आहे, प्लेटा दुसऱ्या कामावर न्यायच्या आहेत. राख खरंच सक्तीची आहे का? स्लॅब धोक्याचा आहे का? आणि समितीने नेमकं काय मागायचं?

आरएमसीवाला

भाऊ, आधी भीती घालवा. शहरात गाडीने येणाऱ्या तयार काँक्रीटमध्ये राख सर्रास असते. दुकानात मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटमध्येही १५ ते ३५ टक्के राख असते, म्हणजे बोंब मारणाऱ्यांच्या स्वतःच्या घरातही ती असण्याची शक्यता भरपूर. पाणी लागल्यावर सिमेंटमधून चुना सुटतो, राखेतली सिलिका त्या चुन्याशी जोडली जाते आणि त्यातून तोच चिकट पदार्थ तयार होतो जो सिमेंट करतं. हे काम सावकाश चालतं. म्हणून सातव्या दिवशी आकडा कमी दिसतो आणि महिन्यानंतरही ताकद वाढत राहते. नुसत्या १४ वरून स्लॅब वाईट म्हणता येणार नाही.

माझा प्रश्न वेगळाच आहे. सिमेंट कोणतं होतं, ओपीसी (साधं, राख न घातलेलं) की पीपीसी? ओपीसीत मापाने राख घातली तर ठीक. पीपीसीत कंपनीने आधीच घातलेली असते, त्यावर साइटवर आणखी ओतली तर एकूण किती झाली याचा हिशेब कोणाकडे आहे?

निवृत्त अभियंता

सक्तीचं अर्धसत्य आहे. १९९९ पासून केंद्र सरकारची अधिसूचना आहे आणि २०२१ च्या शेवटी ती नव्याने आली. औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांनी राखेचे पदार्थ वापरावेत असा तिचा रोख आहे. पण ते पदार्थ मानकात बसणारे हवेत. कुठूनही भुकटी आणा आणि मिक्सरमध्ये टाका असं ती सांगत नाही.

राख एकाच प्रकारची नसते. धुरातून गाळून सायलोत (बंद कोठीत) साठवलेली कोरडी राख मैद्यासारखी बारीक असते, आयएस ३८१२ या राखेच्या भारतीय मानकाच्या भाग १ मध्ये बसली तर ती काँक्रीटला चालते. पाण्यासोबत तलावात सोडलेली राख भरावाला, रस्त्याच्या बांधाला जाते. ती चिमटीत घेतली की खरखर लागते, त्यात न जळालेला कोळसाही असू शकतो. सिमेंटच्या बदली ती चालत नाही.

राखेला नावं ठेवणारा मी नाही. आपल्या घाटघरच्या धरणात सिमेंटपेक्षा राख जास्त आहे. पण तिथे प्रयोगशाळा होती, प्रत्येक मिश्रणाचं वजन होत होतं. घमेल्याने मोजलेल्या राखेचा भरवसा मी देणार नाही.

सेंट्रिंगबद्दल: चौदा दिवसांचा आकडा आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात आहे, पण तो साध्या ओपीसीसाठी. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू तितके दिवस ठेवा असं ते म्हणतं, आणि सहा मीटरवरच्या बीमला २१ दिवस. राख असेल तर मुदत वाढवायची असते. स्लॅबला पाणीही किमान दहा दिवस द्यायचं, शक्यतो चौदा. स्लॅबवर पाणी साठवायला वाफे केले होते की नुसता पाइप फिरवला?

एक वाचक

फुकटची राख आणि महागाची गोणी, बाकी मला काही कळत नाही. अंदाजपत्रकात सिमेंटच्या किती गोण्या धरल्यात ते एकदा बघा.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. शाळेच्या मागे रिकाम्या गोण्या पडल्या होत्या, त्यांच्यावर पीपीसी छापलेलं आहे. राखेच्या गोण्या साध्या पांढऱ्या, त्यांच्यावर काहीच नाही. एकीच्या तळाशी थोडी उरली होती, चिमटीत घेतली तर खरखरीत लागते. वाफे केले होते काका, पण मधले काही दिवस टँकर आला नाही.

निवृत्त अभियंता

मग भाऊ, टेकूंना हात लावू देऊ नका. उपअभियंत्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तीन गोष्टी मागा: मिक्स डिझाइन (कोणता माल किती घालायचा याचा ठरवलेला हिशेब), राखेचा चाचणी अहवाल आणि सिमेंटचा साठा नोंदवलेलं रजिस्टर. ती उरलेली राख पंचांसमोर सील करून ठेवा. २८ दिवसांचे ठोकळे फोडताना समितीचा माणूस हजर असू द्या. ठोकळे कमी पडले तर कोअर, म्हणजे स्लॅबमधूनच कापलेले काँक्रीटचे गोल तुकडे, काढून तपासणी मागा. कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ च्या खाली नको, हा नियमच आहे.

धागाकर्ता

अर्ज उद्याच देतो. कोअर कुठून काढायचे हे ठेकेदार ठरवतो का?

निवृत्त अभियंता

नाही, कामावरचा अभियंता ठरवतो. तीनपेक्षा कमी नकोत, आणि टँकर आला नाही त्या दिवसांत स्लॅबचा जो कोपरा आधी कोरडा पडला होता तो त्यांना दाखवा.