कम्युनिटी कॉलेजातून ‘दोन वर्षांत नर्स’: हा हिशोब केला कुणी?

सांजवात
अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एच-४ वाल्यांसाठी, म्हणजे एच-१बी नोकरदारांच्या जोडीदारांसाठी, एक पोस्ट फिरतेय: ‘एच-४ वर घरी बसून काय करता? जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जा, दोन वर्षांत नर्स व्हा, मास्टर्सपेक्षा कितीतरी स्वस्तात.’ खाली नुसता टाळ्यांचा पाऊस. स्वस्ताचं खरं आहे. दोन वर्षांचं साफ खोटं.

दोन वर्षं ही फक्त प्रोग्रॅमची चार सेमिस्टर. त्याआधी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी एक, मग दोन, आणि मायक्रो, म्हणजे मायक्रोबायॉलॉजी. लॅबसकट, सहसा चार-चार क्रेडिटचे, आणि पहिला पास झाल्याशिवाय दुसऱ्याला बसू देत नाहीत. कित्येक ठिकाणी त्याच्याही आधी केमिस्ट्री मागतात. शिवाय इंग्लिश कॉम्प, सायकॉलॉजी, स्टॅट. मग टीज ही प्रवेशपरीक्षा: १७० प्रश्न, २०९ मिनिटं. नर्सिंगची बॅच बऱ्याच कॉलेजांत वर्षातून एकदाच, फॉलला. डिसेंबरात मायक्रो संपलं की ऑगस्टपर्यंत हात चोळत बसा. जागा कुठे गुणांवर, कुठे वेटलिस्टवर, कॅलिफोर्नियात काही ठिकाणी तर चक्क लॉटरीवर. साडेतीन वर्षं धरा, तीही कुठे न अडखळता.

गोदाकाठ
साडेतीन तर साडेतीन! बीएसएनवाली (नर्सिंगची बॅचलर्स) आणि एडीएनवाली (हीच कम्युनिटी कॉलेजची), दोघी एकच एनक्लेक्स परीक्षा देतात आणि एकच आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्सचं, लायसन्स घेतात. मिल्ड्रेड मॉन्टॅगबाईंनी हा दोन वर्षांचा कोर्स १९५१ मध्ये सुचवला, पुढच्याच वर्षी तो सुरू झाला. कालपरवाचं फॅड नाही. भारतातली बीएस्सी असेल तर कोर्सवार इव्हॅल्युएशन करून घ्या, निम्मे विषय सुटतील. उगाच बायकांना घाबरवू नका.

सांजवात
सुटले तर स्टॅट नि सायकॉलॉजी सुटतील. सायन्सला मुदत असते, कुठे पाच वर्षं, कुठे सात. २०११ ची मायक्रोबायॉलॉजीची पदवी भिंतीवर छान दिसते, तिच्यावर मायक्रो माफ होत नाही. बीएएमएस, बीएचएमएस करून आलेल्यांनाही हाच न्याय.

खडूस कोल्हापूरकर
आणि व्हिसाचं कोण बोलणार? एच-४ वर शिकता येतं, कमावता येत नाही. ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हवं तर जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, सहसा मंजूर हवा. स्वतःचा एच-१बी म्हणाल तर बेडसाइड आरएनला तो सहसा मिळत नाही, कारण त्या नोकरीत शिरायला बॅचलर्स लागतच नाही. का लागत नाही? तुमच्या लाडक्या एडीएनमुळे. न्यूयॉर्कात तर २०१७ च्या कायद्याने लायसन्सनंतर १० वर्षांत बीएसएन करावंच लागतं. मग आधीच का नको?

गोदाकाठ
कारण नोकरी लागल्यावर आरएन-टू-बीएसएन ऑनलाइन होतं, आणि बरीच हॉस्पिटलं त्याला पैसे देतात. ईएडीचं म्हणाल तर बरोबर आहे, पण तो दोष कॉलेजचा नाही, यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याला पत्र लिहा.

लसटोचक
सगळे अभ्यासावर भांडताय, सीट जाते कागदांवर. हेपॅटायटिस बी-चे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांना, टायटर, म्हणजे प्रतिकारशक्ती आली का ते पाहणारी रक्तचाचणी, त्यानंतर एक-दोन महिन्यांनी. अ‍ॅडमिशनचं पत्र जूनमध्ये आल्यावर पहिला डोस घेतलात तर ऑगस्टात क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रात्यक्षिकाला, काय दाखवणार? हेप्लिसॅव्ह ही लस मिळाली तर महिन्याच्या अंतराने दोनच डोस. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांचे टायटर आधीच करा, भारतातलं लसीचं कार्ड सापडेपर्यंत थांबू नका. सीपीआर कोर्स म्हणजे आरोग्यसेवकांचा बीएलएस प्रोव्हायडर, सामान्यांचा हार्टसेव्हर नव्हे. आणि टीबी: बीसीजी झालेल्या आपल्या लोकांनी स्किन टेस्ट घेऊच नये, पॉझिटिव्ह येतेच. थेट क्वांटिफेरॉन ही रक्तचाचणी मागा.

खडूस कोल्हापूरकर
‘येतेच’? बाळपणीच्या बीसीजीचा परिणाम वर्षांगणिक ओसरतो. सीडीसी ही अमेरिकेची आरोग्यसंस्था स्पष्ट सांगते की स्किन टेस्ट वाचताना बीसीजी झालंय की नाही हे धरायचं नाही. ४८ ते ७२ तासांत कडक फुगवटा मोजायचा, भोवतीची लाली नाही. नुकत्याच भारतातून आलेल्याला १० मिलिमीटर म्हणजे पॉझिटिव्ह, विषय संपला. ‘अहो, ते बीसीजीचं आहे’ म्हणत लेटंट (सुप्त) टीबी वर्षानुवर्षं झाकायचा, ही आपली जुनी खोड.

लसटोचक
झाकायचं कोण म्हणालं? बीसीजी झालेल्यांसाठी रक्ताची चाचणी पसंत करा, हेही सीडीसीच सांगते. अर्धं पान वाचून भांडायला येता! त्या चाचणीतली प्रथिनं बीसीजीच्या जिवाणूत नसतात, म्हणून ती लसीने फसत नाही. शिवाय एकाच खेपेत होते. टू-स्टेप स्किन टेस्टला आज टोचा, दोन दिवसांनी दाखवा, एक ते तीन आठवड्यांनी पुन्हा टोचा, पुन्हा दाखवा. मधेच एमएमआर घेतली असेल तर चार आठवडे थांबा, नाहीतर खोटी निगेटिव्ह. असो. ‘येतेच’च्या जागी ‘येऊ शकते’ वाचा. झालं समाधान?

खडूस कोल्हापूरकर
अर्धं झालं. पॉझिटिव्ह आल्यावर काय ते कुणी लिहीत नाही आणि लोक सीट गेली म्हणून रडत बसतात. छातीचा एक्स-रे स्वच्छ आणि लक्षणं नाहीत म्हणजे लेटंट. संसर्ग होत नाही, डॉक्टरचं पत्र देऊन क्लिनिकलला जाता येतं. औषध चार महिने रोज रिफाम्पिन किंवा आयसोनियाझिड-रिफापेंटिनचे आठवड्याला एकदा असे १२ डोस. रिफाम्पिनने लघवी नारिंगी होते, घाबरू नका. गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर मात्र तिच्यावर विसंबू नका.

लसटोचक
चला, एक तरी प्रतिसाद कामाचा निघाला तुमचा.

सांजवात
माझा धागा छातीच्या दवाखान्यात पोहोचला. कुणी नर्सिंगवर बोलेल का?

झटपट
मी बोलतो. एवढा बाऊ कशाला? डोस कॅल्क्युलेशन म्हणजे सातवीचं गणित. आपल्या इंजिनिअर मुलींना डाव्या हातचा मळ.

सांजवात
घ्या मग. हेपरिन, रक्त गोठू न देणारं औषध, २५० मिलिलिटरमध्ये २५,००० युनिट. ऑर्डर १८ युनिट प्रतिकिलो प्रतितास. वजन १७६ पाउंड. आधी २.२ ने भागून ८० किलो, त्याचे १४४० युनिट, पंपावर ताशी १४.४ मिलिलिटर. इंजिनिअरबाईंनी घाईत पाउंडच धरले तर ३१.७, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि पेशंटला रक्तस्राव. उत्तर ५ असताना ५.० लिहिलंत तरी चूक, कारण टिंब पुसट झालं की ते ५० वाचलं जातं. ०.५ ला मात्र आधीचं शून्य हवंच. बऱ्याच ठिकाणी या परीक्षेला ९० टक्के लागतात, तेवढे नसतील तर वॉर्डात पाऊल नाही. विषयांचं पासिंग कुठे ७५, कुठे ७८, आणि ७७.९ चे ७८ करत नाहीत. दोनदा नापास झालात की सहसा प्रोग्रॅमबाहेर.

झटपट
कॅल्क्युलेटर देतात ना पण?

सांजवात
देतात. पाउंड की किलो ते तो विचारत नाही.

गोदाकाठ
बरं बाई, साडेतीन वर्षं. त्या पोस्टखालीही हे चिकटवा, तिथे टाळ्या अजून थांबलेल्या नाहीत. आणि सोबत लिहा की फी भरण्याआधी राज्याच्या बोर्डाची मान्यता नि एसीईएन या संस्थेचं अ‍ॅक्रेडिटेशन दोन्ही तपासा. फ्लोरिडातल्या हजारो खोट्या नर्सिंग डिप्लोमांचं प्रकरण २०२३ मध्येच उघड झालंय. ‘वेटलिस्ट नाही, लगेच प्रवेश’ ही पाटी दिसली की पाकीट आत ठेवा.

खडूस कोल्हापूरकर
पहिल्यांदाच सहमत. बीएसएनचं मत कायम आहे.