शाळा नसली तरी तालीम असते
नाट्यशाळेत गेल्याशिवाय अष्टपैलू नटी घडत नाही, असं मत इथं कुणी मांडलंय, ते काही पटलं नाही. एकदा आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, या. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजला नाटक मंडळांची कार्यालयं आहेत. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू झाल्या की नटीला उसंत नाही. रात्री उशिरा पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. आज सोशिक सून, उद्या दुसऱ्या गावात खाष्ट सासू. तालमी मोजक्याच. विंगेतून प्रॉम्प्टरचा, म्हणजे संवाद पुरवणाऱ्याचा, शब्द कानावर पडला की तो आपलाच वाटेल असा बोलायचा आणि समोरच्या नटावरची नजर हलू द्यायची नाही. मधेच ऑर्गनवाल्यानं सूर दिला की गाणंही तिथल्या तिथं उचलायचं. कुठला अभ्यासक्रम हे शिकवतो?

पूर्वी दंडार या इथल्या लोकनाट्यात बाईचं सोंगही पुरुषच घ्यायचे. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा कुठे पुण्या-मुंबईकडच्या अनेकांना झाडीपट्टी कळली. असो.

एक मात्र मान्य. उघड्या मंडपात, थंडीत, रात्ररात्र चढ्या आवाजात बोलून गळा बसतो. आवाज राखायचं शिक्षण हवंच. हंगामाआधी वडशातच कुणी तसं शिबिर घेत असेल तर इथं कळवा.