आरोग्य-संशोधनात आदिवासी युवकांचा सहभाग

प्रश्न : नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा व पेठ तालुक्यांतील पाड्यांवर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराविषयी पाहणी आखत आहोत. तेथील कोकणा, वारली युवकांना केवळ तक्ते भरण्यापुरते न ठेवता प्रश्न ठरवण्यापासून सोबत घेण्यासाठी कोणती पथ्ये पाळावीत?

उत्तर १ : ज्यांच्याकडून माहिती घ्याल ते १८ वर्षांखालील असल्यास, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच १२ वर्षांवरील मुलांची स्वतःची लेखी अनुमतीही सर्वसाधारणपणे घ्यावी लागते.

उत्तर २ : मानधन अवश्य द्यावे, कारण द्राक्षहंगामात हेच युवक दिंडोरी-निफाडकडे मजुरीला जातात आणि पाहणीमुळे ती मजुरी बुडू शकते (वेळापत्रक आखणाऱ्यांना हे क्वचितच आठवते). मात्र शेजाऱ्यांच्या तपासणीचे निकाल या युवकांच्या हाती देऊ नयेत, कारण कुणी वाहक (स्वतः सहसा आजारी नसली तरी हा दोष मुलांकडे देऊ शकणारी व्यक्ती) असल्याची वार्ता फुटल्यास सोयरीक मोडू शकते.

प्रश्नकर्ता : निकाल आरोग्य केंद्रातच ठेवू.