एझेड९१ मॅग्नेशियम मिश्रधातूमध्ये कॅल्शियम टाकलं, हार्डनेस वाढला पण इलाँगेशन (तुटण्याआधी किती ताणलं जातं ते) पडलं, टी६ हीट ट्रीटमेंट करूनही तेच

ओतकाम_शिकतोय: नमस्कार मंडळी, एमटेकचा प्रोजेक्ट चालू आहे. एझेड९१ मध्ये १ आणि २ टक्के कॅल्शियम टाकून कास्टिंग केलं. मायक्रोस्कोपखाली ग्रेन (धातूचे स्फटिककण) बारीक झालेले दिसतात, हार्डनेस पण वाढलाय, म्हणून वाटलं टेन्साइल (ओढून तोडण्याची टेस्ट) पण भारी येईल, पण २ टक्केवाला पीस फार लवकर तुटला, १ टक्क्यापेक्षा कितीतरी आधी. टी६ केलं तरी काही सुधारलं नाही. ग्रेन बारीक म्हणजे ताकद आणि डक्टिलिटी (न तुटता ताणलं जाणं) दोन्ही वाढायला हवी ना? माझं कुठे चुकतंय?

मेल्टशॉपवाला: तुझं काही चुकलेलं नाही रे, फक्त ग्रेनकडे बघतोयस आणि दोन ग्रेनमधल्या बाउंड्रीवर काय बसलंय ते बघत नाहीयेस. कॅल्शियमचा अणू मॅग्नेशियमपेक्षा बराच मोठा, नुसत्या मॅग्नेशियममध्ये ५१७ अंशाला सुद्धा जेमतेम १.३४ टक्के विरघळतो आणि थंड होताना तोही बाहेर येतो. त्यात तुझ्याकडे ९ टक्के अ‍ॅल्युमिनियम, मग कॅल्शियम आधी त्यालाच धरतो आणि बाउंड्रीवर एएल२सीए (दोघांचं संयुग) चं कडक जाळं तयार होतं. हार्डनेस त्या जाळ्यामुळे दिसतो. ओढलं की क्रॅक त्याच जाळ्यातून पळतो, मग ग्रेन कितीही बारीक असू दे. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) फ्रॅक्चर सरफेस बघ, बाउंड्रीवरचे तुटलेले ठिसूळ तुकडे दिसतील.

फेजडायग्राम: टी६ बद्दल बोलतो. बीटा फेज (मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमचं संयुग) ४१५ अंशाच्या आसपास सोल्यूशन ट्रीटमेंटला, म्हणजे टी६ च्या पहिल्या पायरीला, विरघळतो म्हणून साध्या एझेड९१ मध्ये टी६ चा उपयोग होतो, पण एएल२सीए १०७९ अंशाला वितळतो, तो तुझ्या भट्टीत जागचा हलणार पण नाही. वर हिशोब कर, ४० ग्रॅम कॅल्शियमला ५४ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम लागतं, म्हणजे २ टक्के कॅल्शियम सगळं त्यात गेलं तर २.७ टक्के अ‍ॅल्युमिनियम अडकलं, मॅट्रिक्समध्ये (मूळ धातूत) एजिंगसाठी, म्हणजे टी६ च्या दुसऱ्या पायरीसाठी, तेवढं कमीच उरणार. पण हेच जाळं १५०-२०० अंशाला क्रीप (गरम असताना भाराखाली हळूहळू ताणलं जाणं) रोखायला खूप कामाचं आहे, कारण तिथे बीटा फेज मऊ पडतो आणि हे पडत नाही. म्हणून गरम चालणाऱ्या पार्टसाठी कॅल्शियम लोक मुद्दाम टाकतात. तू रूम टेंपरेचरलाच टेस्ट केलीस का? तसं असेल तर कॅल्शियमचा खरा फायदा तुला दिसलेलाच नाही.

मेल्टशॉपवाला: अजून एक, कॅल्शियम कसं टाकलंस? शुद्ध तुकडे टाकलेस तर त्याची घनता १.५५, वर तरंगतं आणि हवेत जळून जातं, मग २ टक्के टाकलं म्हणजे २ टक्के मेल्टमध्ये गेलं असं नाही. मास्टर अलॉय (कॅल्शियम आधीच मिसळलेला मिश्रधातू) वापर आणि नंतर केमिकल अ‍ॅनालिसिस करूनच आकडा लिही, हे मी आग्रहाने सांगतोय कारण इथेच अर्धे रिझल्ट चुकतात. आणि पीसमध्ये हॉट टेअरिंग (गोठताना पडणाऱ्या भेगा) आहे का बघ, १ टक्क्याच्या आसपास कॅल्शियमने हा त्रास वाढतो, डायला चिकटणं पण वाढतं.

ओतकाम_शिकतोय: बापरे, तुकडेच टाकले होते, अ‍ॅनालिसिस केलंच नाही. मेल्ट मात्र पेटायचं एकदम कमी झालं होतं, ते कॅल्शियममुळेच ना?

फेजडायग्राम: हो, नुसता मॅग्नेशियम ऑक्साइड सच्छिद्र, खालच्या धातूला नीट झाकत नाही. कॅल्शियम असलं की थर दाट बसतो आणि पेट घेण्याचं तापमान वर जातं. आता तुकडे परत न ओतता त्याच पीसचं एक्स्ट्रुजन (गरम करून डायमधून दाबून काढणं) करता आलं तर कर. जाळं तुटून बारीक कण होतात, तेच कण पुढे ग्रेन वाढू देत नाहीत, यील्ड (कायमचं ताणलं जायला लागणारा भार) आणि इलाँगेशन दोन्ही कास्टपेक्षा चांगले येतात. अ‍ॅनालिसिस मात्र आधी कर, आणि १ टक्केवाल्या पीसपासून सुरू कर, २ टक्क्यात एक्स्ट्रुजन करताना क्रॅक जायची शक्यता जास्त.