तळी आणि रस्ते : पैसा एका खिशातला नाही

"आधी खड्डे बुजवा, तळ्यांचं मग बघू" हे साताऱ्यातल्या तळ्यांच्या खर्चावरचं एक मत वाचलं. खड्ड्यांना वैतागलेला सातारकर दुसरं काय म्हणणार! पण तळ्याचा निधी असा सहजासहजी रस्त्याकडे वळवता येत नाही. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानात आपल्याएवढ्या शहरांसाठी ६० टक्के रक्कम पाणी-स्वच्छतेला बंधित, म्हणजे त्याच कामावर खर्चायची, आणि ४० टक्के अबंधित होती. शिवाय 'अमृत २.०' या केंद्राच्या शहरी पाणी योजनेत जलाशयांच्या पुनरुज्जीवनाचा वेगळा घटक आहेच.

भांडायचंच तर क्रमावरून भांडा. आपलं गाव अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी, उतारावर. वळवाची एक सर आली की डोंगराची माती, गटारातल्या पिशव्या, सगळं खाली धावतं आणि वाटेत तळं लागलं की तिथंच मुक्काम ठोकतं. म्हणून आधी गटार नीट करा, मग तळ्यातला गाळ काढा. रस्ता करताना जुनं डांबर खरवडायची अट निविदेत हवी. नुसते थरावर थर चढवले की उंबरा रस्त्याच्या खाली जातो आणि पाणी थेट सोप्यात. (तळ्याचं सुशोभीकरण म्हणजे कारंजं आणि रंगीत दिवे, हे कुणी ठरवलं देव जाणे.)

गाळ शेतात टाकायचा असेल तर आधी तपासून घ्या. विसर्जनाच्या तळ्यात प्लास्टर आणि रंगही साचलेला असतो.